मदत मुलाला, की बापाच्या नोकरीला?

दिव्यांगांच्या प्रश्नावर बोलणे निघाले की एक वाक्य हमखास येते: ‘योजना भरपूर आहेत हो, पालकच पुढे येत नाहीत.’ उज्जैनमध्ये ते सरकारी शिबिरांच्या व्यासपीठांवरून ऐकू येते आणि फ्रीगंज-क्षीरसागरच्या सुशिक्षित मराठी घरांतूनही ऐकू येते. बोलणाऱ्याचा हेतू बहुधा वाईट नसतो. त्याने योजनांची यादी खरोखरच वाचलेली असते आणि यादी खरोखरच लांब आहे. तरी हे वाक्य खोडून काढणे गरजेचे आहे, कारण त्यात सगळा दोष अलगद आईबापांच्या पदरात पडतो. त्याहून मोठी चूक अशी की, या योजना त्या मुलासाठी आहेत असे ते गृहीत धरते. मुलगा म्हणजे इथे पंचवीस, तीस, पस्तीस वर्षांचा स्वमग्न माणूस. त्याला पोट भरता येईल इतकी मदत आपल्याकडे मिळते ती त्याच्या अपंगत्वामुळे मिळत नाही, त्याचे वडील कुठे नोकरीला होते यावरून मिळते. यादीतल्या एकेका योजनेवर रक्कम लिहून पाहिली की हे उघड होते.

उज्जैनमधली तीन घरे कल्पनेने घ्या. तिन्ही घरांत तिशीचा स्वमग्न मुलगा आहे, तिघांचे अपंगत्व तपासणीत सारखेच निघाले आहे आणि तिघांनाही एकट्याने कमावता येत नाही. पहिल्याचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. केंद्र सरकारच्या पेन्शन नियमांप्रमाणे आईवडिलांच्या पश्चात अशा मुलाला तहहयात कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्याची किमान रक्कम महिना ९,००० रुपये, वर महागाई सवलत. दुसऱ्याचे वडील विनोद मिल किंवा हीरा मिलसारख्या आता बंद पडलेल्या कारखान्यात होते, आणि त्यांच्या नावावर १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतले पेन्शन आहे. त्या योजनेतही कायमच्या आणि पूर्ण अपंग मुलाला वयाची अट नाही, ही चांगली गोष्ट. पण २०१४ साली ठरवलेली किमान रक्कम मुलासाठी महिना २५० रुपये आहे आणि आईवडील दोघेही गेले तर ७५०. तिसऱ्याचे वडील महाकालाच्या वाटेवर हारफुले विकतात. त्यांच्या मुलाला राज्याचे ६०० रुपये, तेही सगळे कागद जुळले तर. शरीर तेच, मेंदू तोच, गरज तीच. आणि आईबापांच्या माघारी महिन्याच्या आधारात नऊ हजार आणि सहाशे-साडेसातशे इतका फरक. शाळेतला हुशार-ढ असा भेदसुद्धा इतका कठोर नसतो, कारण तिथे निदान परीक्षा मुलाची घेतलेली असते.

आयकराची सवलतही याच जातीची. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ८०डीडीपासून चालत आलेली तरतूद अपंग व्यक्तीचा सांभाळ करणाऱ्याला ७५,००० रुपयांची वजावट देते. अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची. ही वजावट अर्थातच ज्याला कर भरावा लागतो त्याच्या उपयोगाची, आणि नवी करप्रणाली निवडली तर तीही नाही. या कलमाचा इतिहास मोठा बोलका आहे. पालकाने विमा कंपनीत पैसे गुंतवून मुलासाठी वर्षासन लावले, तर ते पालकाच्या मृत्यूनंतरच मुलाला मिळावे अशी मूळ अट होती. म्हणजे आईबाप जिवंत, म्हातारे, आजारी असताना मुलाच्या नावाने साठवलेला पैसा मुलाला मिळणार नाही. रवि अग्रवाल खटल्यात ३ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अट रद्द केली नाही, पण सरकारने तिचा फेरविचार करावा असे सुचवले. पालक साठ वर्षांचा झाल्यावर त्याच्या हयातीतही वर्षासन घेता येईल, अशी दुरुस्ती २०२२ च्या अर्थसंकल्पात आली. इतकी साधी गोष्ट समजायला तीन वर्षे लागली. कारण कायदा लिहिणाऱ्याच्या नजरेसमोर करदाता बाप होता, त्याच्या शेजारी बसलेला मोठा झालेला मुलगा नव्हता.

यावर उत्तर येते की सरकारी नोकराचे पेन्शन हा त्याच्या सेवेचा मोबदला आहे, त्याची हारवाल्याशी तुलना कशाला? हा आक्षेप मी मान्य करतो, आणि माझे म्हणणे त्याच्यावरच उभे आहे. ते पेन्शन मोबदला आहे, म्हणूनच ते अपंगत्वाची मदत नव्हे. मग दिव्यांगांसाठी आपण काय काय करतो याच्या हिशेबात ते धरू नये. ते वगळा, आयकराची वजावट वगळा, आणि यादीत मुलाच्या स्वतःच्या नावावर काय उरते ते बघा. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेचा वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा उरतो. तो चांगला आहे, घ्यायलाच हवा. सरकारी नोकऱ्यांतले आरक्षण उरते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ३४ मध्ये चार टक्क्यांपैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून आहे. स्पर्धा परीक्षा देऊ शकणाऱ्या थोड्यांना त्याचा उपयोग होईल, आणि त्यांनी तो जरूर करावा. बाकीच्यांसाठी उरतात ते सहाशे रुपये.

आता त्या सहाशेंबद्दल. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा डिसेंबर २०१६ मध्ये संसदेत मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. तेव्हा सामाजिक न्याय मंत्री होते थावरचंद गेहलोत, म्हणजे आपल्याच उज्जैन जिल्ह्यातल्या नागद्याचे. त्या कायद्याच्या कलम २४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की दिव्यांगांना दिली जाणारी मदत, इतरांसाठी असलेल्या तशाच योजनेतल्या मदतीपेक्षा किमान २५ टक्के जास्त असली पाहिजे. मध्य प्रदेशात सामाजिक सुरक्षा पेन्शन २०१९ पासून ६०० रुपये आहे. वृद्धाला ६००, निराधार विधवेला ६००, दिव्यांगालाही ६००. पंचवीस टक्के जोडले तर ७५० होतात. दीडशे रुपये ही रक्कम कोणाच्या डोळ्यांत भरण्यासारखी नाही, पण ती देणे ही सरकारची मेहेरबानी नव्हे, कायद्याची किमान अट आहे, आणि ती उघड्यावर मोडली जाते. याच राज्यात जून २०२३ मध्ये लाडली बहना योजना १,००० रुपयांवर सुरू झाली आणि त्याच वर्षी १,२५० वर गेली. त्या बहिणींना पैसे मिळू नयेत असे कोण म्हणेल? त्यांतल्याच कितीतरी जणी अशा मुलांच्या आया असतील. पण तिजोरीत पैसा नाही, हे उत्तर त्यानंतर देता येत नाही.

सरकारी वकील याच कलमातले दुसरे शब्द दाखवतील: सरकारने ‘आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ योजना आखाव्यात. बरोबर आहे. पण मर्यादेची सवलत योजना आखण्यापुरती आहे. एकदा योजना आखली, रक्कम ठरवली, की त्या रकमेवर पंचवीस टक्के द्यायचे की नाही हा प्रश्न उरत नाही, कारण ती अट परंतुकात वेगळी घातली आहे. शेजारच्या महाराष्ट्राने २०२५ साली संजय गांधी निराधार योजनेत इतरांना १,५०० आणि दिव्यांगांना २,५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला. त्याआधी त्यासाठी आंदोलने झाली, उपोषणे झाली, हेही खरे. केंद्राचा हात तर आणखी आखडता. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शन २००९ मध्ये सुरू झाले, २०१२ मध्ये त्यातला केंद्राचा वाटा ३०० रुपये झाला आणि तिथेच थांबला. त्यासाठी दारिद्र्यरेषेखालचे घर हवे आणि अपंगत्व ८० टक्के हवे. स्वमग्नतेत ही ८० ची रेघ फार क्रूर ठरते. जो बोलतो, जेवतो, अंघोळ करतो, पण रस्ता ओलांडताना गोंधळतो, अनोळखी माणसाने आवाज चढवला की कोलमडतो, पैशांचा व्यवहार करू शकत नाही, असा माणूस कागदावर साठ-सत्तर टक्क्यांत बसतो. त्याला आयुष्यभर सोबत लागते ती मात्र शंभर टक्के.

‘पालक पुढे येत नाहीत’ या तक्रारीत खरा भाग आहे, तोही नाकारायचा नाही. मध्यमवर्गीय घरे डिसॅबिलिटी सर्टिफिकेट काढायला टाळतात. मुलीचे लग्न अडेल, लोक काय म्हणतील, सहाशे रुपयांसाठी कोण रांगेत उभे राहणार, असे त्यांचे म्हणणे. रांगेत उभे न राहण्याचा अभिमान परवडतो तो आईबाप आहेत तोवर. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात मुलाचे अपंगत्व आईवडिलांच्या हयातीतले आहे हे दाखवावे लागते, आणि पेन्शनरला जिवंतपणीच आपल्या पेन्शन आदेशात (पीपीओत) मुलाचे नाव घालून घेण्याची सोय आहे. ती न घेतलेल्या घरात पुढे भाऊ-बहिणींना चाळीस वर्षांच्या माणसाचे बालपण सिद्ध करत फिरावे लागते. तेव्हा सर्टिफिकेट काढाच. पण टाळाटाळ करणाऱ्या पालकांना दोष देण्याआधी हेही पाहिले पाहिजे की, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ते काढायला कायद्यानेच जागा ठेवली नव्हती. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याने तिचे नाव घेतले, पालकत्वाची तरतूद केली, पण प्रमाणपत्र कसे द्यायचे ते २०१६ पर्यंत ठरलेच नाही. १९९५ साली जन्मलेला मुलगा २०१३ मध्ये अठरा वर्षांचा झाला, तेव्हा त्याच्या आईबापांपुढे दोनच वाटा होत्या: ‘मतिमंद’ असा कागद घ्यायचा, किंवा काहीच घ्यायचे नाही. २०११ च्या जनगणनेनेही स्वमग्नता वेगळी मोजली नाही. देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, त्यांत हा मुलगा ‘इतर’मध्ये होता की ‘मतिमंद’मध्ये की कशातच नव्हता, कोण सांगणार? ज्यांची मोजदाद केली नाही त्यांची गैरहजेरी लावायची, हा न्याय विचित्र आहे.

आता जे पालक येतात त्यांचे काय होते ते पाहू. स्वमग्नतेची टक्केवारी ‘इसा’ नावाच्या भारतीय मापनश्रेणीवर ठरते. तिच्यात चाळीस बाबी, प्रत्येकीला एक ते पाच गुण, आणि सत्तरच्या खाली स्वमग्नता नाही असे समजतात. हे माप सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केले आणि ते काळजीपूर्वक वापरले तर वाईट नाही. पण त्यासाठी प्रशिक्षित मानसतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ आणि वेळ हवा. गर्दीच्या दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या बोर्डासमोर, पंख्याचा आवाज आणि अनोळखी चेहरे यांनी आधीच भेदरलेल्या तरुणाला पाच मिनिटांत मोजायचे म्हटले तर आकडा कसाही येऊ शकतो. उज्जैनमध्ये एलिम्को या सरकारी कंपनीचे साहाय्यक उत्पादन केंद्र आहे. ट्रायसिकल, कुबड्या, कृत्रिम अवयव यांची गरज असणाऱ्यांसाठी ही मोठी सोय. पण त्यामुळे दिव्यांग कल्याण म्हणजे काहीतरी वस्तू हातात देणे आणि फोटो काढणे, अशी प्रशासनाची सवय पक्की होते. स्वमग्न माणसाला देण्यासारखी वस्तूच नसते. त्याला लागतात ते मानसतज्ज्ञाचे दोन तास, दिवसा जायला एक सुरक्षित जागा आणि रात्री सांभाळणाऱ्याचा पगार.

सर्टिफिकेट मिळाल्यावर काम संपत नाही. दिव्यांग कार्ड वेगळे, राज्याच्या समग्र आयडीत नोंद वेगळी, पेन्शनचा अर्ज नगर निगमात, विमा नॅशनल ट्रस्टकडे, कुटुंब निवृत्तिवेतन वडिलांच्या खात्याकडे, आयकरासाठीचा फॉर्म पुन्हा डॉक्टरकडे. आणि या सगळ्यांच्या मधोमध अठरावा वाढदिवस. त्या दिवशी आईवडिलांचे कायदेशीर पालकत्व संपते. बँक म्हणते खातेदार सज्ञान आहे, सही त्याची हवी. रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच बँकांना कळवले आहे की स्थानिक स्तर समितीने दिलेले पालकत्वाचे पत्र चालते. ती समिती नॅशनल ट्रस्ट कायद्याच्या कलम १३ प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली असते, म्हणजे व्यवहारात कलेक्टरांच्या. उज्जैनच्या कलेक्टरांच्या टेबलावर श्रावणातली महाकालाची सवारी असते, २०२८ च्या सिंहस्थाची जमीन असते, दर मंगळवारची जनसुनवाई असते. या गर्दीत तीन महिन्यांतून एकदा व्हायची बैठक पुढे ढकलली जाणे अगदी समजण्यासारखे आहे. पण तिकडे बैठक ढकलली की इकडे खाते अडते, खाते अडले की पेन्शन अडते. २०२४ च्या दुरुस्तीने प्रमाणपत्र देण्याची मुदतही एक महिन्यावरून तीन महिने झाली आहे. बँकेच्या डिजिटल केवायसीत दिव्यांगांना येणारी अडचण सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात मान्य केली, तिचा संबंध जगण्याच्या हक्काशी जोडला. त्या खटल्यातले अर्जदार अॅसिड हल्ल्यातले पीडित आणि दृष्टिहीन होते. अंगठा मशीनवर ठेवायला तयार नसलेला, कॅमेऱ्याकडे न बघणारा स्वमग्न तरुण त्या निकालाच्या बाहेर ठेवण्याचे काही कारण दिसत नाही.

इतकी तपासणी फसवणूक टाळण्यासाठी हवीच, असे म्हणणारे २०२४ मधल्या, प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांच्या प्रकरणाकडे बोट दाखवतात. दाखल्यांच्या खरेपणाची चर्चा तेव्हा देशभर झाली, आणि होणे योग्यच होते. पण फसवणुकीचा मोह बक्षिसाच्या आकाराबरोबर वाढतो. प्रशासकीय सेवेतल्या पदासाठी कोणी खोटा कागद करील, महिना सहाशे रुपयांसाठी तीस वर्षे स्वमग्न असल्याचे सोंग कोण करील? कडक छाननी आरक्षित पदांवर ठेवावी. पेन्शनवर तीच छाननी लावली तर बहुतेक वेळा खरा गरजूच चाळणीत अडकतो.

याहून गंभीर आक्षेप वेगळ्या बाजूने येतो, आणि तो स्वमग्न व्यक्तींच्याच हक्कांसाठी बोलणाऱ्यांचा आहे. पालकत्वाचे पत्र म्हणजे सज्ञान माणसाचा निर्णयाचा अधिकार काढून घेणे, आणि २०१६ चा कायदा तर कलम १३ मध्ये दिव्यांगांची कायदेशीर क्षमता इतरांइतकीच मानतो, कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाचीच भाषा करतो. हा आक्षेप मला पटतो. १९९९ चा कायदा सांभाळाच्या काळजीतून लिहिलेला आहे, स्वातंत्र्याच्या विचारातून नव्हे. ज्याला पैशांपुरती मदत लागते त्याचे आयुष्यच दुसऱ्याच्या नावे करून देणे चूक आहे. पण आज बँक आणि पेन्शन खाते ‘पालकत्व आणा’ असेच म्हणत असतील, तर त्या आईबापांनी तत्त्वासाठी खाते अडकवून ठेवावे अशी अपेक्षा धरता येत नाही. आधी बँकेने सहनिर्णयाचा साधा फॉर्म स्वीकारावा, मग पालकांना उपदेश करावा.

उरतो आपला आवडता युक्तिवाद: आपल्याकडे कुटुंब असते, भाऊ बघतात, सरकार कशाला? भाऊ बघतात, खरेच. पण त्यांनी बघितले म्हणून अपंग माणसाचा खर्च नाहीसा होत नाही, तो फक्त सरकारच्या वहीतून भावाच्या वहीत जातो, आणि भावाच्या बायकोच्या दिवसांतून वजा होतो. उज्जैनजवळच्या अंबोदियातल्या सेवाधाम आश्रमासारख्या जागी ज्यांना कोणी उरले नाही अशी माणसे पोहोचतात. तो आश्रम आहे हे समाजाचे भाग्य, पण कुणाचे तरी दान आणि कुणाची तरी तळमळ ही राज्याची व्यवस्था म्हणून मोजता येत नाही.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. दिव्यांग पेन्शन उद्यापासून ७५० करा, आणि पुढे इतर पेन्शनमध्ये जी वाढ होईल तिच्यावर पंचवीस टक्के आपोआप चढू द्या. स्वमग्नतेसाठी ८० टक्क्यांऐवजी ४० टक्क्यांची रेघ आणि घराऐवजी त्या व्यक्तीचे स्वतःचे उत्पन्न धरा, म्हणजे मदत प्रथमच मुलाची होईल. अठरा पूर्ण होण्याआधी सहा महिने रुग्णालय, समिती आणि पेन्शन या तिघांचा एकच अर्ज घ्या. स्थानिक स्तर समितीत नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी लागतो. उज्जैनच्या मराठी संस्थांकडे सभागृहे आहेत, निवृत्त अधिकारी, वकील आणि हिशेबनीस आहेत, गणेशोत्सवाची वर्गणी काढण्याचा कित्येक दशकांचा अनुभव आहे. त्यांनी नॅशनल ट्रस्टकडे नोंदणी करून त्या खुर्चीवर आपला माणूस बसवावा. तोवर माहितीच्या अधिकारात तीन प्रश्न कलेक्टर ऑफिसला विचारावेत: गेल्या तीन वर्षांत समितीच्या बैठका कोणकोणत्या तारखांना झाल्या, पालकत्वाचे किती अर्ज आले, आणि प्रत्येकाचा निकाल किती दिवसांत लागला.